हवा मोजणारी डबी: दोन घरांत, वर्षभर

पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं. बाबांच्या खोलीतला आकडा २१४०. दार लावलेलं, खिडकी लावलेली, एसी चालू आणि खोलीत श्वास घेणारे एकटे बाबा. मी पाणी प्यायला उठले होते. जाता जाता डोकावले आणि टेबलावरच्या डबीचा लाल दिवा बघून दारातच थांबले. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं हे यंत्र घरात येऊन तेव्हा दोनच दिवस झाले होते. आज त्याला वर्ष झालं. या वर्षात ते आमच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहिलं, उन्हाळ्यात महिनाभर बाबांच्या जुन्या घरात राहिलं, पावसात पुन्हा आठ दिवस तिकडे जाऊन आलं आणि माझी एक जाड वही त्याच्या आकड्यांनी भरली. घेऊ का, असं ओळखीच्या चौघांनी विचारलं. त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगितलं, ते इथे एकदा सलग लिहिते.

आधी हे घेतलं कशासाठी ते सांगते. बाबांचं वय ७८. त्यांचं लहानपण, संसार, आईचं आजारपण, सगळं एकाच घरात झालं. मधे उघडा चौक, त्याच्या चारी बाजूंना खोल्या, दोन फुटी भिंती, पुढे रस्त्याला लागून ओटा. मागच्या वर्षी न्हाणीच्या उंबऱ्याला अडखळून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर त्यांना तिथे एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून इकडे आणलं. इथे लिफ्ट आहे, सगळीकडे सपाट फरशी आहे, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवून घेतले. दीड महिन्यात बाबा काठी घेऊन घरभर फिरायला लागले. पण सकाळी उठले की डोकं जड. "झोप झाल्यासारखी वाटत नाही गं," रोज हेच. डॉक्टरांनी रक्तदाब, साखर, चालू औषधं, सगळं पाहिलं. काही सापडलं नाही. एक दिवस चहा पिताना बाबाच म्हणाले, "तिकडे असं होत नव्हतं. इथे पहाटे खोलीला वास येतो. कोंडल्याचा." मी हिशेब तपासणीचं काम करते. जे मोजता येतं ते मोजून बघितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. म्हणून यंत्र शोधायला लागले.

तळहातावर मावेल एवढी ही डबी कार्बन डायऑक्साइड, तापमान आणि हवेतली आर्द्रता या तीनच गोष्टी मोजते. दर पाच मिनिटांनी नोंद ठेवते आणि मोबाइलवर आलेख काढून दाखवते. मला तेवढंच हवं होतं.

घेणाऱ्यांसाठी इथेच एक महत्त्वाची गोष्ट. हे माझं दुसरं यंत्र. पहिलं स्वस्तातलं होतं आणि दिसायला अगदी असंच. बैठकीत सहा माणसं तासभर बसली तरी ते ४५० वर ढिम्म, आणि बाबांच्या जखमेचं ड्रेसिंग करायला स्पिरिटची बाटली उघडली की क्षणात १८००. त्यात कार्बन डायऑक्साइड ओळखणारा सेन्सरच नव्हता. हवेतल्या बाकीच्या वाफांवरून अंदाज बांधून ते आकडा दाखवायचं. कंपनीला लिहिलं तर "यंत्र व्यवस्थित चालू आहे" असं छापील उत्तर आलं आणि पैसे परत मिळायला सहा आठवडे पाठपुरावा करावा लागला. म्हणून खोक्यावर 'एनडीआयआर' ही अक्षरं शोधा. या पद्धतीत डबीच्या आत एका टोकाला अवरक्त किरण सोडणारा बारीक दिवा असतो आणि दुसऱ्या टोकाला ते किरण मोजणारा डोळा. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे किरण शोषून घेतो. पलीकडे जेवढे कमी पोचतील, तेवढा मधल्या हवेत हा वायू जास्त. मधे स्पिरिट आलं काय, अत्तर आलं काय, आकडा हलत नाही.

आता आकड्याचा अर्थ. बाहेरच्या मोकळ्या हवेत हल्ली दहा लाख भागांत ४२० च्या थोडं वर कार्बन डायऑक्साइड असतो. आपण सोडलेल्या श्वासात तो चाळीस हजारांच्या आसपास असतो. म्हणजे खोलीतला आकडा चढतोय याचा अर्थ एवढाच की आपण एकदा वापरलेली हवा पुन्हा पुन्हा आत घेतोय, बाहेरची येत नाहीये. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटनकोफर यांनी १८५८ मध्येच सांगितलं होतं की राहत्या खोलीत हा आकडा १००० च्या वर जाऊ नये. त्यांनाही या वायूची विषबाधा होईल अशी भीती नव्हती. माणसाच्या अंगातून, श्वासातून बाकी जे काही हवेत मिसळतं त्याची खूण म्हणून ते हा वायू मोजत होते. बाबांना पहाटे जो वास येत होता, तोच हा हिशेब. २१४० ने कुणी आजारी पडतं असं मी म्हणत नाही, आणि बाबांचं डोकं याच कारणाने जड व्हायचं हे ही डबी सिद्धही करत नाही. पण त्या खोलीतली हवा रात्रभर बदलत नव्हती, हे तिने मला पहिल्या आठवड्यात पांढऱ्यावर काळं करून दाखवलं. रात्री दहाला ६१०, बाराला १३००, दोनला १७८०, पहाटे २१००च्या वर. सातही रात्री हाच चढ. एसी खोलीतलीच हवा फिरवून गार करतो, बाहेरची आणत नाही, हे मला ऐकून माहीत होतं. ते आकड्यांत बघितल्यावर मी गप्प झाले.

मग उन्हाळ्यात जुन्या घराची डागडुजी करून घ्यायला महिनाभर तिकडे जावं लागलं. बाबाही हट्टाने बरोबर आले. डबी मी पिशवीत आधी टाकली.

तिथे बाबांच्या खोलीत एका रात्रीही आकडा ६८० च्या वर गेला नाही. दार बंद करून झोपले तरी नाही. का, हे शोधायला मी टॉर्च घेऊन छताखालची भिंत बघितली. भिंत जिथे संपते आणि वासे सुरू होतात तिथे चार बोटांची फट खोलीभर आहे. दाराच्या वर लाकडी गजांचा झरोका आहे. दाराची फळी खाली उंबऱ्याला पुरती टेकत नाही. लहानपणी थंडीत याच फटींबद्दल मी कुरकुर करायची आणि आई त्यात जुने कपडे कोंबायची. या घराला श्वास घ्यायला कुणी काही करावं लागत नाही. गरम हवा वरून निघून जाते, तिच्या जागी चौकातली गार हवा खालून आत येते.

उन्हाचे आकडे त्याहून बोलके निघाले. एका दुपारी तीन वाजता चौकाच्या सावलीत ३९ अंश होते, मधल्या खोलीत साडेएकोणतीस. त्या खोलीचा सगळ्यात गरम क्षण रात्री अकराला आला, तोही ३१ अंशांचा. जाड माती-दगडाची भिंत दिवसभर ऊन पीत राहते आणि ते आतल्या बाजूला पोचायला दहा-बारा तास लागतात. तोवर रात्र झालेली असते, चौक आकाशाकडे उघडा असल्याने गार पडलेला असतो, दारं उघडली की भिंतीने दिलेली ऊब बाहेर निघून जाते. आमच्या फ्लॅटची पश्चिमेची भिंत सहा इंची. तिला हाच प्रवास करायला चार-पाच तास पुरतात. त्यामुळे संध्याकाळी आठला, नेमकं घरी सगळे असताना, ती आतून तापते. हाताचा तळवा टेकवला तर पाच-सहा सेकंदांत उचलावासा वाटतो. त्या वेळी एसी बंद ठेवला तर बैठकीत साडेचौतीस.

पण एक गोष्ट आलेखात येत नाही, ती मी महिनाभर डोळ्यांनी बघितली. बाबा सकाळी साडेआठला चौकाकडच्या खिडक्या ओढून घेत. दुपारी पुढचं दार अर्धं लावत. ऊन उतरलं की चौकात दोन बादल्या पाणी शिंपडत. काठीमुळे आता मला सांगत, पण वेळ तीच. साडेसहाला सगळी दारं सताड. घड्याळ न बघता. खाट उन्हाळ्यात ओसरीत, थंडीत मधल्या खोलीत. घर जसं दिवसाबरोबर बदलतं तसं त्यांनी त्याला बदलत ठेवलं होतं, साठ-सत्तर वर्षं. साडेएकोणतीस अंश हे भिंतीचं जेवढं कर्तृत्व, तेवढंच त्यांच्या हाताचं. एक दिवस डागडुजीच्या गडबडीत खिडक्या ओढायच्या राहिल्या, तर दुपारी त्याच खोलीत ३३ भरले.

या गोष्टीवर चांगलं संशोधन झालेलं आहे. रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर यांनी १९९८ मध्ये चार खंडांतल्या १६० इमारतींमधल्या सुमारे २१,००० नोंदी एकत्र करून मांडल्या. ज्या इमारतींत खिडक्या उघडता येतात आणि हवा आपोआप खेळते, तिथली माणसं बऱ्याच जास्त उकाड्यात आणि गारठ्यातही सुखाने राहतात. जिथे सगळं यंत्रावर सोपवलेलं असतं, तिथली माणसं एक-दोन अंशांच्या फरकानेही अस्वस्थ होतात. कारण एकच नाही. सवय आहे, अपेक्षा आहे, आणि खिडकी आपल्या हातात असणंही आहे. फ्लॅटमध्ये बाबा २६ वर ठेवलेल्या एसीत शाल पांघरून बसत आणि "बरं वाटत नाही" म्हणत. तिकडे ३० अंशांत उघड्या अंगाने ओसरीत बसून हिशेबाच्या जुन्या वह्या चाळत होते.

एवढं वाचून कुणी जुनं ते सोनं असं मनात आणलं असेल, तर डबीने त्याच घरात जे दुसरं दाखवलं तेही सांगते.

मागच्या खोलीत पावसाच्या दिवसांत आर्द्रता ८६ टक्क्यांखाली उतरेना. कोपऱ्यात काळी बुरशी, कपाटातल्या चादरींना ओला वास. घरातल्या बाकीच्या खोल्या त्याच दिवसांत ७०-७२ ला होत्या. फरक असा की काही वर्षांपूर्वी याच एका खोलीला, पोपडे पडतात म्हणून, चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा केला होता आणि वर चकचकीत रंग दिला होता. मातीच्या भिंतीत खालून ओल चढतेच. चुना ती बाहेर जाऊ देतो. सिमेंट आणि त्यावरचा रंग तिला आत कोंडतात. नखाने रंगाचा पोपडा उचलला तर मागे भिंत पिठासारखी सुटलेली, बोटाला चिकटणारी. गवंड्याने ते सगळं काढून पुन्हा चुना लावला. दोन पावसाळी महिने गेल्यावर तिथे काय आकडा येतो ते बघायचं आहे. म्हणजे दोष जुन्या भिंतीचा नव्हता आणि सिमेंटचाही नव्हता. भिंतीचं काम काय आहे हे न विचारता दोन्हींची गाठ घातली होती.

आणि स्वयंपाकघर. त्या खोलीला एकच हातभर झरोका आहे. आई तिथे पंचवीस वर्षं चुलीपुढे बसली. वासे अजून काळे आहेत, हात लावला की काजळी येते. तिचा खोकला आम्ही "आईचा खोकला" म्हणूनच ओळखायचो, जणू तो तिच्या स्वभावाचा भाग होता. चुली आणि घरातल्या धुराने २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप आहे. त्या घराने बैठकीतल्या पुरुषांना गार वारा दिला आणि आईला धूर दिला, हे लिहिल्याशिवाय मला या घराचं कौतुक करायचा अधिकार नाही. नव्या फ्लॅटच्या ओट्यापाशी मोठी खिडकी आहे, धूर खेचणारा पंखा आहे. आईला हे मिळायला हवं होतं.

आधुनिक वास्तुकलेच्या जडणघडणीत आजारी माणसाच्या काळजीचाही मोठा वाटा आहे, हे आपण विसरतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५० च्या दशकाच्या शेवटी रुग्णालयांविषयी लिहिताना ताजी हवा आणि सूर्यप्रकाश यांवर सगळ्यात जास्त भर देत होत्या. फिनलंडमध्ये वास्तुकार अल्वार आल्टो यांनी क्षयरोग्यांसाठी बांधलेलं पाइमिओचं रुग्णालय १९३३ मध्ये पुरं झालं. तिथला विचार मला फार आवडतो. रोगी दिवसभर आडवा असतो, म्हणून खोली आडव्या माणसाच्या डोळ्यांनी बघायची. छताला डोळ्यांना शांत वाटेल असा रंग, दिवा पडल्या पडल्या डोळ्यांत जाणार नाही अशा जागी, उन्हात झोपायला लांब सज्जे. दोन रोगी एका खोलीत असत, म्हणून हात धुण्याच्या बेसिनचा उतारसुद्धा असा की पडणाऱ्या पाण्याचा आवाज होऊ नये. हीसुद्धा आधुनिक इमारतच.

मग खिडक्या गेल्या कुठे? एअर कंडिशनिंगची सुरुवात १९०२ मध्ये विलिस कॅरिअर यांनी न्यूयॉर्कमधल्या एका छापखान्यासाठी केली, दमटपणाने कागद फुगू नये म्हणून. यंत्राने हवा सांभाळता येते म्हटल्यावर इमारतीला ती सांभाळायची गरज उरली नाही. भिंती पातळ झाल्या, काचा वाढल्या. वास्तुकार मीस व्हॅन डर रोह यांनी डॉक्टर एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी बांधलेलं काचेचं घर १९५१ मध्ये पुरं झालं. जगभरचे विद्यार्थी ते बघायला जातात, छायाचित्रांत ते खरंच अप्रतिम दिसतं. चारी भिंती काचेच्या, आणि दार सोडलं तर उघडता येतील अशा फक्त दोन लहान खिडक्या. उन्हाळ्यात ते तापायचं, रात्री दिवा लावला की किडे काचांवर जमायचे आणि आपण सतत उघड्यावर आहोत ही भावना त्या बाईंना सोडायची नाही. पुढे १९७३ च्या तेलटंचाईनंतर ऊर्जा वाचवायला मोठ्या इमारती आणखी घट्ट बंद झाल्या, आत घ्यायची ताजी हवा कमी केली गेली, आणि १९८० च्या दशकात 'सिक बिल्डिंग सिंड्रोम' हे नाव आलं: कार्यालयात गेलं की डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात, घसा सुकतो आणि बाहेर पडलं की बरं वाटतं. माझ्या जुन्या कार्यालयात दुपारी तीननंतर आम्ही सगळेच जांभया द्यायचो. तिथली एकही खिडकी उघडत नव्हती. ही डबी तेव्हा माझ्याकडे नव्हती याची हळहळ वाटते.

उलटं उदाहरणही आहे. इजिप्तमध्ये वास्तुकार हसन फत्ही यांनी १९४० च्या दशकात न्यू गुर्ना हे गाव मातीच्या विटांनी, घुमटांनी, चौकांनी बांधलं. हवेचा विचार उत्तम, कारागिरी पारंपरिक. पण ज्यांच्यासाठी बांधलं त्या गावकऱ्यांना आपली जागा सोडून तिथे जायचंच नव्हतं आणि बरेच गेले नाहीत. भिंत मातीची केली म्हणून घर आपलं होत नाही. बाबांना फ्लॅटमध्ये आणताना मीही त्यांना फक्त कळवलं होतं, विचारलं नव्हतं. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

तर फ्लॅटमध्ये परतल्यावर काय केलं. पहिला प्रयत्न सरळ: रात्री बाबांच्या खोलीची खिडकी चार बोटं उघडी. आकडा ७२० वर आला, पण खाली रस्ता आहे. रात्रभर गाड्या. बाबा तीनदा उठले. झोपेसाठी रात्री बाहेरचा आवाज ४० डेसिबलच्या आत असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ मध्ये सांगितलं आहे. आमच्या रस्त्याला ते कुणीतरी सांगायला हवं. हवा घ्यावी तर आवाज येतो, आवाज अडवावा तर हवा कोंडते, आणि हा पेच जुन्या घराला नव्हता, कारण त्याच्या खिडक्या रस्त्याकडे नसून आतल्या चौकाकडे होत्या. शेवटी मी चौकाची ती युक्ती उसनी घेतली. रस्त्याकडची खिडकी बंद, खोलीचं दार उघडं, आणि मागच्या बाजूच्या डक्टकडे नव्हे तर बागेकडे उघडणाऱ्या बैठकीतल्या खिडकीचं एक तावदान जाळी लावून उघडं. दार उघडं ठेवायला बाबांना संकोच वाटला, तेव्हा सुताराकडून दार खालून पाऊण इंच कापून घेतलं आणि वरच्या काचेच्या पट्टीच्या जागी लाकडी गज बसवले. जुन्या घरातल्या झरोक्याची हुबेहूब नक्कल. सुतार म्हणाला, "ताई, असं आता कुणी करत नाही." आता दार लावूनही पहाटेचा आकडा ९०० ते ९५० असतो. एसी लावायच्या रात्री ११०० पर्यंत जातो. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून बांबूची चिक टाकली, तर आठ वाजताचे साडेचौतीस सव्वाबत्तीसवर आले. ऊन आत येऊन गेल्यावर पडदा लावण्यात काही अर्थ नसतो, ते काचेच्या आणि भिंतीच्या बाहेरच अडवावं लागतं.

बाबांचं डोकं? आठवड्यातून एखाद्या दिवशी जड असतं. रोज नाही.

डबी जे मोजत नाही ते मात्र पुष्कळ आहे. उजेड मोजत नाही. आवाज मोजत नाही. आणि खिडकीबाहेर काय दिसतं हे तिला कळत नाही. रॉजर उलरिक यांचा १९८४ चा अभ्यास या बाबतीत मला सगळ्यात जवळचा वाटतो. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या २३-२३ रुग्णांची त्यांनी तुलना केली. एका गटाला खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याला विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना जालीम वेदनाशामकं कमी लागली. हे वाचल्यावर मी बाबांचा पलंग फिरवला. आधी तो भिंतीतल्या प्लगच्या सोयीने लावला होता, तोंड कपाटाकडे. आता उशीवर डोकं टेकवलं की खिडकीतून एका आंब्याचा शेंडा दिसतो. नवव्या मजल्यावरून झाडं वरून दिसतात, हिरव्या गाद्यांसारखी. त्यातला हा एकच एवढा उंच. तिथे एक घार बसते. बाबा तिची वाट बघतात.

ओट्याचं मात्र काही करता आलेलं नाही. जुन्या घरी सकाळी ओट्यावर बसले की तासाभरात दहा-बारा माणसं थांबून बोलून जात. दूधवाला, शाळेची मुलं, जुना विद्यार्थी. कुणी भेटायला आलेलं नसे, सगळे आपापल्या वाटेने जाताना थांबत. इथे लिफ्ट उघडते, बंद होते, मजल्यावरची चारही दारं लावलेली. मी आमच्या दाराबाहेर एक खुर्ची ठेवली, तर सोसायटीने पॅसेज मोकळा ठेवा म्हणून चिठ्ठी पाठवली. आगीचं कारण आहे, ते मला पटतं. पण मग बाबांनी बसायचं कुठे, याचं उत्तर या इमारतीच्या नकाशात नाही. सध्या संध्याकाळी त्यांना खाली गेटजवळच्या कट्ट्यावर नेऊन बसवते. पंधरा दिवसांत तिथे आणखी दोघं यायला लागले आहेत.

यंत्राच्या तक्रारी. रात्रीचा दिवा फार प्रखर आहे आणि सेटिंगमध्ये तो पूर्ण बंद होत नाही. मी त्यावर काळी पट्टी चिकटवली. आकडा २००० च्या वर गेला की ते किंचाळतं. हा गजर पहिल्याच दिवशी बंद करा, नाहीतर म्हातारं माणूस दचकून उठेल. मोबाइलवरची नोंद महिन्याभराने आपोआप पुसली जाते, त्यामुळे वही लागते. बॅटरी पाच दिवस टिकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: हे यंत्र स्वतःला आपोआप जुळवून घेतं. आठवड्यातला सगळ्यात कमी आकडा म्हणजे बाहेरची स्वच्छ हवा, असं ते धरून चालतं. ज्या घरात खिडकी कधीच उघडत नाही, तिथे ते कोंडलेल्या हवेलाच स्वच्छ मानायला लागतं आणि महिन्याभरात खोटा दिलासा देतं. म्हणून दर रविवारी ते अर्धा तास गॅलरीत ठेवायचं. मी पहिले दोन महिने हे केलं नव्हतं. वहीतली ती पानं मी नंतर तिरकी रेघ मारून बाद केली. सुरुवातीचा २१४० सोडला तर वर दिलेल्या आकड्यांपैकी एकही त्या पानांतला नाही. पहिला आठवडा पडताळायला मी खोली मोकळी करून, यंत्र नीट जुळवून, त्याच सवयींनी पुन्हा सात रात्री मोजल्या आणि आकडे २०-३० च्या फरकाने तेच आले.

घ्यायचं का? घरात लहान बाळ, म्हातारं किंवा आजारी माणूस असेल, एसी रात्रभर लागत असेल, किंवा नवं घर घ्यायच्या आधी एक रात्र राहून बघायची सोय असेल, तर जरूर. आयुष्यभर जवळ ठेवायची ही वस्तू नाही. तीन-चार महिन्यांत घर कळतं, मग दुसऱ्याला द्यावं. माझं आता आठव्या मजल्यावर आहे. तिथे दीड महिन्याचं बाळ आहे. परवा रात्री अडीचला त्याच्या आईने फोटो पाठवला, १९२०. मी जागीच होते. लिहिलं, "दार उघड, बैठकीतली बागेकडची खिडकी उघड, रस्त्याकडची नको." तीनला दुसरा फोटो आला, ८७०. बाळाची मूठही त्यात आली होती.

सकाळी बाबांना दोन्ही फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून बघितले आणि म्हणाले, "तिला सांग, दार खालून थोडं कापून घे."